अ‍ॅडव्हान्स्ड पॅथोफिजिओलॉजीचा अभ्यास कसा करावा?

मेथीदाणा

नमस्कार मंडळी. हा धागा 'आरोग्य'मध्ये टाकावा की 'शिक्षण'मध्ये ते कळेना, शेवटी इथे टाकतेय. अ‍ॅडमिनना हलवायचा असेल तर खुशाल हलवा.

मी मुंबईत बीएस्सी नर्सिंग केलं. काही वर्षं तिथल्या आयसीयूत काढली, नंतर इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या. आता नर्स प्रॅक्टिशनरच्या मास्टर्सला प्रवेश घेतलाय. या शिक्षणाचा पाया म्हणजे 'तीन पी': पॅथोफिजिओलॉजी, फार्माकॉलॉजी आणि फिजिकल असेसमेंट, तिन्हींच्या आधी 'अ‍ॅडव्हान्स्ड'. बाकीचे दोन जमतील असं वाटतंय. पहिल्यानेच, म्हणजे आजारात शरीराचं काम कसं आणि का बिघडतं या विषयानेच, घाम फोडलाय.

बीएस्सीला आमचा साचा ठरलेला होता. व्याख्या, कारणं, लक्षणं, तपासण्या, उपचार, नर्सिंग केअर. आजार कुठलाही असो, याच क्रमाने लिहायचं आणि मार्क मिळायचे. इथे प्रश्नच वेगळे येतात. उदाहरणार्थ: हार्ट फेल्युअरच्या पेशंटची किडनी सोडियम धरून ठेवते, तरी रक्तातलं सोडियम कमी का दिसतं? चारही पर्याय खरे वाटतात. असा पेशंट मी शेकडो वेळा सांभाळलाय. पाणी किती द्यायचं, कुठला आकडा बघायचा, डॉक्टरांना कधी उठवायचं, सगळं हाताला माहीत आहे. पण 'का' विचारलं की गाडी अडते. त्यात दर आठवड्याला दोन-दोन संस्था, स्लाइडचा डोंगर आणि रात्रपाळी.

तुम्ही कसा अभ्यास केलात? पाठांतराला पर्याय आहे का? मला विचार मराठीतच सुचतात, म्हणून इथे विचारतेय.

तिसरी पाळी

ताई, अगदी अगदी! मी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या एमएस्सी नर्सिंगला आहे, कॉलेज मुंबईत. दुखणं तेच, फक्त आमच्याकडे पर्याय नसतात, पानं भरावी लागतात. वाचतेय. नोट्स निघाल्या तर मलाही द्या.

तांबडी माती

मेथीदाणा, आधी तुमच्या प्रश्नाचे उत्तर देतो, मग पद्धत सांगतो.

हृदय पुरेसे रक्त ढकलत नाही. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाबग्राहींना, तसेच किडनीला, वाटते की शरीरातले रक्तच कमी झाले. प्रत्यक्षात रक्त भरपूर आहे, धमन्यांत पोचत नाही एवढेच. पण त्यांना तेवढेच कळते. मग रक्तस्रावात जे करायचे तेच ते इथे करतात. सिम्पथेटिक, म्हणजे धोक्याच्या वेळची चेतायंत्रणा जागी होते, रेनिन-अँजिओटेन्सिन-अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकांची साखळी सुरू होते आणि मेंदूतून एडीएच हे संप्रेरक सुटते. अल्डोस्टेरॉन मीठ धरते, मिठामागे पाणी येते. एडीएच मात्र निव्वळ पाणी धरते. म्हणजे शरीरात एकूण मीठ जास्तच झाले, पण पाणी त्याहून जास्त. प्रयोगशाळा मोजते ते प्रमाण, साठा नव्हे. म्हणून अशा पेशंटचे सोडियम १२८ आले तरी त्याला मीठ चारत नाहीत, पाणी तोडतात. हे तुम्ही रोज करतच होता.

आता पद्धत. आयुष्यभर कोकणात प्रॅक्टिस केली, आता निवृत्त आहे. विद्यार्थी आले की मी त्यांना लाल विंचवाच्या दंशापासून सुरुवात करायला लावायचो, कारण त्यात सगळी साखळी काही तासांत डोळ्यांसमोर घडते.

विष चेतातंतूंच्या सोडियम चॅनलवर बसते आणि ते बंद होऊ देत नाही. चेता वारंवार उद्दीपित होत राहते. आधी अ‍ॅसिटिलकोलिनचा जोर: उलट्या, लाळ, घामाच्या धारा. पाठोपाठ अ‍ॅड्रेनॅलिन-नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा पूर. ही रसायने पेशींवरच्या ज्या ग्राहींवर बसतात त्यांतल्या अल्फा ग्राहींमुळे रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. त्याच ग्राहींमार्फत इन्सुलिन दाबले जाते, साखर वाढते. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध पंप करून हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. माणूस दगावतो तो इथे.

पूर्वी जो तो आपापल्या परीने मधेच कुठेतरी हात घालायचा. कोणी अ‍ॅट्रोपिन द्यायचा, कोणी डिजॉक्सिन, कोणी अँटिहिस्टामिन. महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी हे पेशंट रात्र रात्र शेजारी बसून पाहिले. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. पुढे त्यांनी साखळीची नेमकी कडी धरली: अल्फा ग्राही. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी तेच ग्राही अडवते. आधी गंभीर रुग्णांपैकी पाव ते तिसरा हिस्सा दगावायचे, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, ती फार आधी मिळायला हवी होती असे माझे मत.

तेव्हा दर आजाराला एक कोरा कागद घ्या. पहिली घटना ते पेशंटची तक्रार अशी साखळी लिहा. प्रत्येक कडीपाशी विचारा: हे शरीरात कोणाला कळते, ते भरून काढायला शरीर काय करते, आणि मला ते खाटेपाशी कुठे दिसेल? मग एक कडी तोडा आणि पुढे काय होईल ते लिहा. औषधे आपोआप लक्षात राहतील.

गृहपाठ: या विंचवाच्या पेशंटला बीटा ब्लॉकर, म्हणजे अल्फाऐवजी बीटा ग्राही अडवणारे औषध, दिले तर?

मेथीदाणा

डॉक्टर, काय सुंदर समजावलंत! 'प्रयोगशाळा प्रमाण मोजते, साठा नव्हे' हे भिंतीवर लिहून लावतेय.

गृहपाठ करून बघते. बीटा-२ मुळे स्नायूंतल्या रक्तवाहिन्या थोड्या सैल राहतात, ती सवलत जाईल. अल्फा मोकाट सुटेल. वर थकलेल्या हृदयाला बीटा-१ चा जो काही रेटा मिळत होता तोही जाईल. म्हणजे फुप्फुसातलं पाणी वाढेल. बरोबर?

तांबडी माती

पैकीच्या पैकी.

पॅराफिन ब्लॉक

विंचू छान. पण साखळीतल्या कड्यांची नावं पाठ नसतील तर कागदावर काय लिहिणार? 'पाठांतर नको, समजून घ्या' हे सांगणाऱ्या प्रत्येकाने स्वतः तरुणपणी भरपूर पाठ केलेलं असतं. तांबडी माती, तुम्हीसुद्धा.

मी नागपुरात पॅथॉलॉजीत आहे, पीजी विद्यार्थ्यांना शिकवतो. माझं म्हणणं एवढंच, की काय पाठ करायचं ते नीट निवडा. पेशीला इजा कशी होते, दाह, रक्त गोठणं, सूज येण्याची चार कारणं, प्रतिकारशक्तीच्या अतिप्रतिक्रियांचे चार प्रकार, आम्ल-अल्काचं गणित. एवढं डोळे मिटून म्हणता आलं पाहिजे. अँकी या अ‍ॅपवर उजळणीची कार्डं करा, वहीत लिहा, भिंतीवर चिकटवा, काहीही करा. पुढच्या सगळ्या संस्थांमध्ये हीच मंडळी वेष पालटून येतात. विद्यार्थी उलट करतात: दाहाचा धडा पहिल्या आठवड्यात ओझरता वाचतात आणि दुर्मिळ सिंड्रोमांची नावं घोकत बसतात.

आमच्या विदर्भातलं उदाहरण देतो, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बास, एवढाच बदल. ऑक्सिजन सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतं, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये याला रेणूचा आजार म्हटलं, एखाद्या आजाराला असं पहिल्यांदाच म्हटलं गेलं.

आता 'का' विचारत चला. जन्मतः बाळ ठणठणीत, मग सहा महिन्यांच्या आसपास हातापायाची बोटं सुजून का येतं? कारण तोवर गर्भातलं हिमोग्लोबिन, एचबीएफ, ओसरलेलं असतं. एचबीएफ त्या दोऱ्यांत बसत नाही, दोरा तुटतो. यावरचं औषध हायड्रॉक्सियुरिया काय करतं? एचबीएफ वाढवतं. साखळी आणि औषध एकाच वाक्यात.

मेथीदाणा, आता तुमच्यासाठी खास. तुमच्या तिकडच्या स्लाइडवर लिहिलं असेल की सिकलसेलमध्ये लहानपणीच पाणथरी (प्लीहा) वारंवार रक्तपुरवठा तुटून सुकते आणि हाताला लागत नाही. विदर्भातल्या कितीतरी पेशंटची पाणथरी मोठेपणीही चांगली हाताला लागते. भारतातल्या या जनुकाच्या घराण्यात एचबीएफचं प्रमाण जास्त असतं, शिवाय बऱ्याच जणांना सोबत अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक दोष असतो. त्यामुळे पेशी सावकाश वाकतात, पाणथरी जास्त काळ टिकते. स्लाइड खोटी नाही, ती आफ्रिकन वंशाच्या रुग्णांवरून लिहिलेली आहे. मात्र यावरून 'भारतीय सिकलसेल सौम्य असतो' असं ठोकून देऊ नका. नागपुरातल्या वॉर्डांमध्ये गंभीर आजार असलेली मुलं भरपूर दिसतात.

अर्धवट इंजिनियर

वैद्यकीय अजिबात नाही, तरी राहवत नाही. तांबडी माती म्हणतात ते सरळ सरळ कंट्रोल सिस्टिम आहे. सेन्सर, कंट्रोलर, फीडबॅक. हार्ट फेल्युअरमध्ये सेन्सर चुकीच्या जागी बसवलाय. ब्लॉक डायग्रॅम काढायला शिकवत का नाहीत?

पॅराफिन ब्लॉक

काढतात. शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकांत असे भरपूर आहेत. पंचाईत अशी, की तुमच्या मशीनचा मूळ नकाशा कंपनीकडे असतो. आमचा कोणाकडेच नाही. आणि सेन्सर 'चुकीच्या जागी' नाही. लाखो वर्षं माणूस जखमांनी आणि जुलाबांनी मेला. त्यासाठी सेन्सर अचूक जागी आहे.

अर्धवट इंजिनियर

हे पटलं. गप्प बसून वाचतो.

मेथीदाणा

नाही हो, गप्प नका बसू, ब्लॉक डायग्रॅमची कल्पना मी उचललीय.

पुढचा घोळ: डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिनअभावी मधुमेहीच्या रक्तात आम्ल साचतं ते. पोटॅशियम रिपोर्टमध्ये वाढलेलं आणि तरी आम्ही पोटॅशियम चढवतो. नवीन आलेली प्रत्येक मुलगी मला विचारते, मी 'प्रोटोकॉल आहे' म्हणून सांगते. 'प्रमाण आणि साठा' इथेही लागू आहे ना?

तिसरी पाळी

हे मी सांगते, हे मला येतं! इन्सुलिन नसलं की पोटॅशियम पेशींत शिरत नाही. साखरेने रक्त घट्ट झालं की पेशींतून पाणी बाहेर ओढलं जातं, त्याच्यासोबत पोटॅशियमही बाहेर. म्हणून रक्तात जास्त दिसतं. पण तेच रक्त किडनीतून जातंय आणि साखरेमुळे लघवीचा लोंढा लागलाय, त्यातून पोटॅशियम वाहून चाललंय. वर उलट्या. म्हणजे तिजोरी रिकामी होत चाललीय आणि काउंटरवर नोटा दिसतायत.

आता इन्सुलिन सुरू केलं की सगळं पोटॅशियम धाडकन पेशींत. रक्तातलं कोसळतं आणि हृदयाचा ठोका बिघडतो. म्हणूनच सुरुवातीलाच पोटॅशियम ३.३ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम द्यायचं असा नियम. २०२४ च्या तज्ज्ञांच्या नव्या सहमतीत तो आकडा ३.५ झालाय, आमच्या वॉर्डातल्या भिंतीवर अजून जुनाच आहे.

तांबडी माती

सिस्टर, हे तुम्ही परीक्षेत असेच लिहा. नोटांसकट.

बंड्याची आत्या

इतके हुशार लोक जमलेत तर माझीही शंका विचारून घेते. आमच्या घरात सगळे काटक, एकालाही पोट म्हणावं असं नाही, तरी चाळिशी आली की मधुमेह ठरलेला. गोड तर सणावारीच. यातली साखळी कुठली?

रेणुसूत्र

आत्या, तुमच्या प्रश्नावर पुण्यात तीन दशकांहून अधिक काळ काम चाललं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला. बाळांची वजनं सरासरी २.७ किलो भरली, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांची ३.५. पण ही हाडकुळी दिसणारी बाळं नीट मोजली तेव्हा स्नायू कमी आणि चरबी मात्र जवळपास राखलेली निघाली. त्यांनी याला नाव दिलं 'थिन-फॅट' बाळ.

२००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

साखळी साधारण अशी: कातडीखाली चरबी साठवायची क्षमता बेताची, ती लवकर भरते. उरलेली चरबी पोटातल्या अवयवांभोवती आणि यकृतात जाते. तिथून मेदाम्लं सुटतात, इन्सुलिनला दाद मिळेनाशी होते आणि स्वादुपिंडाची शिल्लक कमी असेल तर साखर वाढते. आरसा आणि वजनकाटा दोघेही फसवतात. आत्या, घरातल्यांचा कमरेचा घेर आणि तिशीपासून साखर तपासत जा. मेथीदाणा, तुमच्या तिकडे आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेह चाचणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासून करावी असं सांगतात, त्यामागे हेच आहे. परीक्षेत येऊ शकतं.

आता मूळ विषयावर थोडा मिठाचा खडा टाकतो. मी इम्युनॉलॉजीत पीएचडी केली, रोजचं काम उंदरांवर. साखळी जितकी सुबक तितकी माझी शंका जास्त. १९८० च्या दशकातलं उदाहरण घ्या. हार्ट अटॅकनंतर ज्यांचे जादा ठोके पडतात ते जास्त दगावतात, हे माहीत होतं. एन्काइनाइड आणि फ्लेकाइनाइड ही औषधं जादा ठोके बंद करतात, हेही माहीत होतं. कडी तोडली, माणूस वाचायला हवा. १९८९ मध्ये 'कास्ट' चाचणीचे निकाल आले: खोट्या गोळीपेक्षा औषध घेणारेच जास्त मेले. ठोके बंद झाले होते, औषधाने आपलं काम केलं होतं.

उलटा प्रकारही आहे. हार्ट फेल्युअरमध्ये बीटा ब्लॉकर म्हणजे दमलेल्या घोड्याचे पाय बांधणं, असं एकेकाळी शिकवत. १९९९ च्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की स्थिर रुग्णाला हळूहळू वाढवत दिले तर जीव वाचतात.

आणि तांबडी मातींचा विंचूसुद्धा घ्या. विष एकदा चॅनलवर बसलं की प्रतिविष देऊन काय उपयोग, असा तर्क बरेच जण द्यायचे. तो ऐकायला चोख आहे. २०११ मध्ये 'बीएमजे'त महाडची चाचणी आली, खुद्द बावस्करांचीच, ७० रुग्णांवर. नुसतं प्राझोसिन घेणाऱ्यांपेक्षा प्राझोसिनसोबत प्रतिविष घेणारे लवकर बरे झाले.

म्हणून माझी भर: साखळी लिहिताना कड्यांना रंग द्या. माणसात चाचणीने सिद्ध झालेलं निळं. फक्त प्राण्यात किंवा काचेच्या बशीत दिसलेलं लाल. नुसता तर्क असेल तर पेन्सिल. पदवीला साखळी यावी, पदव्युत्तरला तिच्यातली कुठली कडी कच्ची आहे ते सांगता यावं.

तांबडी माती

रेणुसूत्र, मान्य. प्रतिविषाबद्दल मीही बरीच वर्षे तोच तर्क ऐकत होतो.

मेथीदाणा

आज ड्युटीवरून आल्यावर कागद घेऊन बसले. या आठवड्यात किडनी आहे. नेफ्रोटिक सिंड्रोमची, म्हणजे किडनीची गाळणी फुटून येणारी सूज लिहिलीय, तपासा प्लीज.

गाळणीच्या पडद्याला इजा > लघवीतून प्रोटीन जातं > रक्तातलं अल्ब्युमिन कमी > रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवणारी ओढ कमी > पाणी बाहेर ऊतींत > रक्ताचं आकारमान कमी > रेनिन आणि अल्डोस्टेरॉन वाढतात > सोडियम-पाणी धरलं जातं > सूज आणखी वाढते.

शेवटून दुसरी कडी निळी केलीय, बाकी कुठला रंग द्यायचा ते कळलं नाही.

पॅराफिन ब्लॉक

लिहिलंय छान, अर्ध्या जगातल्या स्लाइडवर हेच असतं. आता तांबडी मातींच्या पद्धतीने एक कडी तोडून बघा. अल्ब्युमिन कमी म्हणजे सूज, तर मग जन्मतःच ज्यांच्या रक्तात अल्ब्युमिन जवळपास नसतं त्यांचं काय? अशी माणसं आहेत, फार थोडी, पण आहेत. त्यांना सूज येते ती अगदी किरकोळ.

दुसरं, तुमच्या साखळीप्रमाणे प्रत्येक पेशंटचं रक्ताचं आकारमान कमी आणि रेनिन वाढलेलं हवं. बऱ्याच प्रौढ पेशंटमध्ये तसं सापडत नाही.

म्हणून दुसरी साखळी. फुटक्या गाळणीतून प्लाझमिनोजेनही लघवीत उतरतं, नलिकेत त्याचं प्लाझमिन होतं, आणि ते शेवटच्या भागातलं सोडियम चॅनल, ईनॅक, उघडतं. म्हणजे किडनी स्वतःहूनच सोडियम धरायला लागते, अल्डोस्टेरॉनच्या हुकमाची वाट न बघता. रक्त भरतं आणि मग सांडतं. काही रुग्णांना लघवी वाढवणारं नेहमीचं फ्युरोसेमाइड पुरत नाही तेव्हा ईनॅकच बंद करणारं अमिलोराइड आठवावं ते यामुळे. लहान मुलांच्या मिनिमल चेंज आजारात (नेफ्रोटिक सिंड्रोमचं एक कारण) अचानक सूज आली असेल तर तुमची पहिली साखळीही लागू पडते. एकाच पेशंटमध्ये दोन्ही असू शकतात.

रेणुसूत्र

प्लाझमिनची कडी सध्या लाल. उंदरातला आणि लघवीच्या नमुन्यांतला पुरावा चांगला आहे, पण ईनॅक उघडणारं ते एकटंच आहे का यावर अजून भांडणं चालू आहेत.

मेथीदाणा

अरे देवा. मग परीक्षेत काय निवडू?

पॅराफिन ब्लॉक

पर्यायांत एकच असेल तर तुमच्या प्राध्यापकांची स्लाइड. लिहायला जागा असेल तर दोन्ही.

तिसरी पाळी

आमच्याकडे जागाच जागा असते, मी दोन्ही लिहिणार. अल्ब्युमिन नसलेली माणसंही घालणार, परीक्षक जागे होतील.

मेथीदाणा

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्धवट इंजिनियर, हार्ट फेल्युअरची ब्लॉक डायग्रॅम काढून झाली की तुम्हाला तपासायला पाठवते. पुढच्या आठवड्यात यकृत. सिरॉसिसमधल्या जलोदराची साखळी रविवारी इथे टाकीन. लाल पेन तयार ठेवा.

तांबडी माती

यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतल्या दाबापासून सुरू करा. अल्ब्युमिनपासून नको.